क्वेसारजवळचं शून्य

माझ्या प्रबंधातला पहिला मोठा निष्कर्ष चुकीचा आहे असं मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं, तेव्हा मी हातातली स्टीलची पाण्याची बाटली फेकून मारली. त्यांना लागली नाही. त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर भिंतीवर आदळली, प्लॅस्टरचा पोपडा उडाला आणि विभागातल्या जुन्या प्रिंटरवर पाणी सांडलं. मी मुद्दामच बाजूला फेकली होती असं नंतर बरेच दिवस मी स्वतःला बजावत होते. ते खरं नाही. माझा नेम चुकला.

खोलीत आम्ही पाच-सहा जण होतो. कुणी ओरडलं नाही की मला धरलं नाही. एकेक जण उठला, वह्या-लॅपटॉप उचलले आणि बाहेर पडला. सर्वांत शेवटी गेलेल्या मुलीनं जाताना हलकेच दार ओढून घेतलं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. लहानपणापासून मी तो ऐकत आलेय, फक्त आजवर तो दुसऱ्या कुणाच्या रागासाठी व्हायचा.

पाचोडपासून थोडं आत आमचं गाव आहे. मोसंबीची बाग, विहिरीला बऱ्यापैकी पाणी, अंगणात चार बाजा टाकलेल्या आणि त्यांवर कायम माणसं बसलेली. ही माणसं वडिलांसाठी यायची. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. मोसंबीच्या खुंटावर डोळा भरावा तो अप्पांनीच, असं आमच्याकडे आजही म्हणतात. चाकूच्या टोकानं सालीला चीर द्यायची, आत तो इवलासा डोळा सरकवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. त्यांच्या हातचं कलम वाया जात नाही. कुणाच्या बांधाचं भांडण असो, कुणाच्या पोरीचं लग्न मोडायला आलेलं असो, माणसं अप्पांकडे यायची. अप्पा हसतमुख. बोलणं गोड. आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय परत गेला असं झालं नाही.

तो चहा माय करायची. आणि त्याच मायला अप्पा मारायचे.

कधी चहाला उशीर झाला म्हणून, कधी विहिरीवरची मोटर बंद करायची राहिली म्हणून, कधी ती माहेरच्या माणसाशी दोन शब्द जास्त बोलली म्हणून. बाहेर बाजांवर माणसं असताना अप्पा एकदम गप्प व्हायचे, उठायचे आणि घरात जायचे. मग सगळं ठरल्यासारखं घडायचं. शेजारच्या दोन खोल्यांत राहणारी माझी चुलती धावत यायची, माझं मनगट धरून मला बाहेर काढायची आणि आमच्या घराचं दार बाहेरून ओढून घ्यायची. मग स्वतःच्या खोलीत नेऊन टीव्हीचा आवाज वाढवायची. बाजांवरची माणसं पावसापाण्याचं बोलत राहायची. अर्ध्या तासानं दार उघडायचं. अप्पा बाहेर येऊन रांजणातल्या पाण्यानं हात धुवायचे आणि आत बघून म्हणायचे, "चहा टाक गं." आणि चहा यायचा.

मी मायला विचारायची, "काय झालं?"

"काय नाय. काय बी नाय झालं, बाई."

त्या दाराच्या आत नेमकं काय होतं ते मी कधी पाहिलं नाही. चुलतीनं पाहू दिलं नाही. ती वाईट नव्हती. पोरीनं बघू नये म्हणून ती तसं करायची, आणि आमच्याकडे भावकीतल्या सगळ्याच बाया हे असंच करत आल्यात. बापानं पोरीवर हात उचलायचा नाही, एवढी मर्यादा अप्पा पाळायचे. त्याबद्दल गावात त्यांचं कौतुकही होतं.

मी शिकले, शहरात आले, उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहू लागले आणि विद्यापीठात पीएचडीला लागले. मनात एकच भीती घेऊन आले होते, की एक दिवस त्या दाराच्या आत हा माणूस मायला मारून टाकील आणि बाहेर टीव्ही चालू असेल. म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायची. पाच वर्षांत एकही दिवस चुकवला नाही.

"कशी आहेस?"

"ठीक हाय."

"काही झालं का?"

"नाय गं. काय व्हतंय?"

मग मी फोन ठेवायची आणि निवांत कामाला लागायची. काम काय करतेस असं गावात कुणी विचारलं की मी सांगायची, आभाळातल्या शेजाऱ्यांची मोजणी करते.

ते खरंच होतं. काही दीर्घिकांच्या पोटात एक राक्षसी कृष्णविवर असतं. आजूबाजूचा वायू त्यात ओढला जातो, पडता पडता स्वतःशीच घासतो, तापतो आणि असा पेटतो की ती अख्खी दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांसकट, त्या उजेडात दिसेनाशी होते. त्याला क्वेसार म्हणतात. त्यातून निघणारे झोत आणि वारे शेजारचा वायू तापवतात, उधळून लावतात. तारा जन्मायला तर थंड, शांत वायू लागतो. मग अशा धुमसत्या क्वेसारच्या जवळ, नवे तारे घडवणाऱ्या दीर्घिका किती राहतात? विश्व तरुण होतं तेव्हा किती होत्या, आणि पुढं काळ सरला तशा वाढल्या की पांगल्या? हा माझा विषय. लांबून येणारा उजेड जुना असतो, म्हणून जितकं लांब पाहावं तितकं जुनं दिसतं. मी काळाचे चार खाने पाडले होते आणि प्रत्येक खान्यात क्वेसारभोवतीचे शेजारी मोजत होते.

उत्तर काय यायला हवं ते मला सहावीतच कळलेलं होतं. अशा माणसाजवळ काही उगवत नाही. अशा माणसाजवळ कुणी जगत नाही.

आणि उत्तर तसंच आलं. चारही खान्यांत, क्वेसारपासून लांब पाहिलं तर शेजारी भरपूर, जवळ जावं तसे कमी, आणि अगदी जवळ शून्य. आलेखाची रेघ खाली आली आणि तळाला टेकली. मी खुर्चीतून उठून नाचले. खोटं कशाला सांगू, मला विज्ञानाचा आनंद झाला नव्हता. विश्वानं माझ्या बाजूनं साक्ष दिली याचा तो आनंद होता.

मॅडम तेव्हा परगावी होत्या. त्या येईपर्यंत दम निघाला नाही. शहरातल्या एका छोट्या विज्ञान मेळाव्यात मी तो आलेख दाखवून मोकळी झाले. एका स्थानिक पेपरच्या बातमीदारानं विचारलं की खेड्यातून इथवर कशा आलात. मी म्हणाले, मायमुळं. वडिलांचं काही नाही यात, सगळं मायमुळं. दोन दिवसांनी आतल्या पानावर माझ्या छोट्या फोटोसह चार ओळी छापून आल्या. क्वेसारच्या जवळ कुणी जगत नाही, पाचोडच्या लेकीचं संशोधन, आणि खाली माझं ते वाक्य जसंच्या तसं. त्या संध्याकाळी मी मायला विचारलं, "पेपर पाहिला का?"

"पाह्यला. लई ब्येस फोटू आलाय."

"अप्पा काय म्हणाले?"

"काय नाय. ते काय म्हणत्याल?"

मॅडम परत आल्या त्या आठवड्यातच मी बाटली फेकली. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला होता: "क्वेसारच्या भोवतीचं वर्तुळ तू दोन्हीकडून कापलंस ना?"

हे जरा सांगावं लागेल. क्वेसार इतका झगझगीत असतो की त्याला चिकटून असलेली फिकी दीर्घिका फोटोत दिसत नाही, दिसली तरी मोजमाप भरवशाचं नसतं. म्हणून प्रत्येक क्वेसारभोवती आम्ही एक वर्तुळ आखतो आणि आतलं सगळं टाकून देतो. त्याला मास्क म्हणतात. शिवाय गर्दी आहे की नाही हे ठरवायला तुलनेसाठी एक खोटं आकाशही लागतं, ज्यात ठिपके कसेही विस्कटून टाकलेले असतात. खऱ्यात शेजारी किती, खोट्यात किती, असा हिशोब असतो. आता जे वर्तुळ खऱ्या आकाशातून कापलं तेच खोट्यातूनही कापायला हवं. मी खऱ्यातून कापलं होतं. खोट्यातून कापायचं राहिलं होतं. म्हणजे खोट्या आकाशात त्या वर्तुळात ठिपके होते, खऱ्या आकाशातले मीच पुसले होते, आणि मग तिथं कुणी नाही म्हणून मीच नाचले होते.

पहिल्या वर्षाची मुलं करतात ही चूक. त्यांचा आकडा विचित्र येतो म्हणून ती घाबरतात, तपासतात आणि पकडतात. मी तपासलं नाही, कारण मला आकडा विचित्र वाटलाच नाही.

बाटलीच्या दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून मॅडमसमोर उभी राहिले. त्या म्हणाल्या, "प्रिंटर गेला कामातून. पुढच्या वेळी मारायचंच असेल तर नीट नेम धरून मला मार. प्रिंटर मंजूर करून आणायला मला वर्ष लागतं." मी रडायलाच लागले. त्यांनी रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "तुला शून्य हवं होतं. का, ते मी विचारत नाही. पण तिथं शून्य नाहीये. तिथं आपण बघितलेलंच नाही."

पुढचे पाच आठवडे मी वर्तुळाच्या आत बघत होते. दुसऱ्या एका दुर्बिणीच्या, जास्त बारीक तपशिलाच्या प्रतिमा होत्या. त्यांतून क्वेसारचा उजेड एकेक करून वजा करायचा आणि खाली काय उरतं ते पाहायचं. डोळे फुटायची वेळ यायची. आणि उरत होतं. एखादा वाकडातिकडा निळसर ठिपका, कुठं दोन, कुठं तीन, ओढल्या-ताणलेल्या, शेपट्या फुटलेल्या छोट्या दीर्घिका. त्या सगळ्या तारे घडवत होत्या. माझ्या चार खान्यांत जितकं मागच्या काळात जावं तितकी ही गर्दी सरासरीपेक्षा जास्त दाट दिसत होती. अगदी उशाशी. जिथं कुणी जगत नाही असं मी पेपरात छापून आणलं होतं, तिथं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला त्या दीर्घिकांचाच राग आला. कशाला थांबल्या तिथं, असं मी त्या पडद्याला मोठ्यानं विचारलं, तर बाजूची मुलगी लॅपटॉप उचलून बाहेर गेली. तिनं दार ओढलं. आणि त्या आवाजासरशी मला भाकरी आठवली.

गावातला एक जण रोज गाडीतून शहरात दूध आणतो. आठवड्यातून एकदा माय त्याच्याकडे माझा डबा देते. ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी. मायची भाकरी मोठी, परातभर, कडेपर्यंत एकसारखी पातळ. दोन्ही हातांचा जोर लागतो तिला. चुलतीची भाकरी लहान, मध्ये जाड, आणि एका बाजूला करपलेली. ज्या घरात दोन बाया भाकरी थापतात, तिथल्या पोरांना न सांगता कळतं कुणाची कुठली. तर त्या पेपरातल्या बातमीनंतर माझ्या डब्यात चुलतीची भाकरी येत होती. दर आठवड्याला. मी ती पाहिली होती, ओळखली होती, माय बागेत कामात असेल असं म्हणून खाल्ली होती, आणि संध्याकाळी फोनवर विचारलं होतं, काही झालं का? ती म्हणाली होती, नाय. आणि ते 'नाय' मी पाच वर्षं शून्य म्हणून मोजत आले होते.

मी त्याच दुपारी बीडकडे जाणारी बस पकडली. पाचोडला उतरले तेव्हा बाजाराचा दिवस होता, म्हणजे अप्पा बाजारात असतील असा माझा अंदाज. तोही चुकला. अंगणात चारही बाजा भरलेल्या होत्या आणि अप्पा मधे बसून कुणाला तरी छाटणी समजावत होते. दूधवालाही रिकामे कॅन घेऊन कडेला उभा होता.

"आली का मपली शास्त्रज्ञ!" अप्पा मोठ्यानं म्हणाले. "काय म्हणतंय आभाळ?"

माणसं हसली. मी चप्पल न काढता आत गेले. माय चुलीपुढं बसली होती. पदर खांद्यावरून पुढं ओढलेला. मी पदर बाजूला केला. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत बांबूच्या कामट्या लावून फडकं गुंडाळलेलं. फडकं काळं पडलं होतं. कामट्यांच्या मधून हात वाकडा दिसत होता, जिथं वाकायला नको तिथं.

"गोठ्यात घसरले," ती घाईनं म्हणाली. "हाड बसवणाऱ्याकून बसवून आणलंय. तू कामून आलीस? आधी बाहीर जाय."

मी बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अप्पा, मायला शहरात नेते. दवाखान्यात. हात मोडलाय तिचा."

"बसवलाय तो."

"वाकडा बसवलाय. मी नेते."

अप्पा गप्प झाले. ते गप्प झाले आणि बाजांवरची माणसं हलली. कुणी टोपी सारखी केली, कुणी चपला शोधायला लागलं. अप्पा उठले. चुलती तिच्या दारातून धावत आली आणि तिनं माझं मनगट धरलं, मी सहा वर्षांची असताना धरायची तसंच. "चल बाई, तू माझ्याकं चल." मी हात हिसडला, ती पायरीवर पडली, आणि मी अप्पांच्या पुढं घरात शिरले. मागून अप्पा आले. चुलती उठली असणार, कारण मागून दार ओढून घेतल्याचा आवाज आला. त्या दाराच्या आतल्या बाजूला मी पहिल्यांदाच होते.

आत काय होतं ते मग कळलं. मला वाटायचं, ते ओरडत असतील, शिव्या देत असतील, रागानं वेडे होत असतील. तसलं काही नव्हतं. अप्पांनी आधी माझ्या कानाखाली मारलं. उलट्या हातानं, पूर्ण ताकदीनं. माझा कान बंद झाला, तोंडात रक्ताची चव आली आणि मी भांड्यांच्या फळीवर जाऊन पडले. त्यांची ती मर्यादाही तिथंच संपली. माय मधे आली. त्यांनी तिला ढकललं नाही. तिचा तो बांधलेला हात दोन्ही हातांत धरला आणि सावकाश पिळला. खुंटावर डोळा भरताना करतात तितक्याच निगुतीनं, कुठं धरायचं आणि किती दाबायचं हे पक्कं माहीत असल्यासारखं. कामटी मोडल्याचा आवाज झाला. माय ओरडली नाही. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. तो कधी धरला तेही मला दिसलं नाही, इतकी तिला सवय होती.

शेजारच्या खोलीत टीव्ही लागला.

पाट्यावरचा वरवंटा माझ्या हाताला लागला. मी तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. अप्पांची पाठ माझ्याकडे होती. टाळूवर विरळ झालेले केस दिसत होते आणि मला तिथंच तो घालायचा होता. जरा जरी दया आली असं मी म्हणणार नाही. तेवढ्यात मायनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा उजवा, धडका हात आपोआप वर गेला. तोंडापुढं. माझ्यापासून वाचायला.

मी वरवंटा दारावर फेकला. या वेळी नेम चुकला नाही. वरची बिजागरी चौकटीतून निघाली, दार तिरपं झालं, मग खालच्या बिजागरीसकट उंबऱ्यावर आडवं पडलं. ऊन आत आलं. बाहेर माणसं उभीच होती, चपला घालून, निघायच्या बेतात. चुलती टीव्हीचा रिमोट हातात घेऊन तिच्या दारात उभी होती. सगळ्यांना सगळं दिसत होतं: माय, तिचा हात, तो हात धरलेले अप्पा.

"या ना!" मी ओरडले. "कुठं निघालात? या, आत या. इतकी वर्षं बाहेर बसलात, बघा तरी एकदा!"

कुणी आत आलं नाही. पण कुणी गेलंही नाही. अप्पांनी हात सोडला, बाहेर आले, सवयीनं रांजणाकडे गेले, पण हात धुतले नाहीत. बाजेवर बसून म्हणाले, "शहरात जाऊन बिघडली पोरगी." त्यावर एकानंही हो म्हटलं नाही. इतक्या माणसांत अप्पांच्या वाक्याला उत्तर न मिळालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दूधवाल्यानं गाडीची मागची फळी उघडली. "बसा मामी," तो मायला म्हणाला. "मला तिकडंच जायचंय." त्याला त्या वेळी शहरात यायचं काहीच कारण नव्हतं. माय पायरीवर थांबली. चुलतीकडे बघून म्हणाली, "दूध तापवायचं राह्यलंय." चुलती खाली मान घालून म्हणाली, "मी बघते. तू जाय." माय गाडीत चढली आणि रस्ताभर रिकाम्या कॅनला टेकून बसली. तो वर गेलेला हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. अजून हलत नाही. अप्पांचा राग माझ्यात आहे हे मला आधीही ठाऊक होतं, पण त्याचा मला अभिमान वाटायचा. त्या दिवसानंतर नाही वाटला.

उस्मानपुऱ्यात माझ्या खोलीजवळ हाडांचा एक छोटा दवाखाना आहे. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फडकं कापून काढलं, हात पाहिला, एक्स-रेला पाठवलं. फिल्म यायची होती तोवर कागद भरायला घेतला.

"कसं लागलं, मावशी?"

"पडले. गोठ्यात."

डॉक्टरांनी लिहिलं. मी दात आवळून गप्प राहिले. आता मी ओरडले असते तर ती परत मिटली असती, एवढं कळायला मला इतकी वर्षं लागली होती.

फिल्म आली. डॉक्टरांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली. काळ्या पार्श्वभूमीवर मायचा पांढरा हात. डॉक्टर पेनाच्या टोकानं दाखवायला लागले. "हे ताजं आहे, पाच-सात आठवड्यांचं, आणि आज परत हललंय. हात असा वर करून कुणाचा वार अडवला की बहुतेक हेच हाड मोडतं." मग पेन वर सरकलं. "हे त्याच हाडात, पण जुनं. भरून आलंय, गाठ दिसते बघा. हे मनगटाजवळचं त्याहून जुनं. आणि करंगळीखालचं हे तर फारच जुनं असणार. चार वेळा मोडलाय हा हात." त्यांनी मायकडे पाहिलं. "चारही वेळा गोठ्यात?"

माय त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती उठून पेटीजवळ गेली. स्वतःचा हात तिनं असा आतून कधी पाहिला नव्हता. तिनं उजव्या हाताचं बोट फिल्मवर ठेवलं, सर्वांत जुन्या जागी.

"ही तू सातवीत पह्यली आलीस तवाची," ती मला म्हणाली. "गुरुजी पेढे घिऊन आले व्हते. म्हणले, पोरीला फुडं शिकवा. मी व्हय म्हणले."

बोट मनगटावर आलं. "ही बारावीची. लग्नाची जागा आली व्हती तुला. मी नको म्हणले."

"ही तुझं नाव विद्यापीठात घातलं तवाची."

मी प्रत्येक तारीख ओळखत होते. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात उजेडाचे दिवस होते. त्या प्रत्येक वेळी तिचा हात पदराआड होता, मी विचारलं होतं, काय झालं? आणि तिनं सांगितलं होतं, काय नाय.

बोट चौथ्या जागी आलं आणि थांबलं. मला वाटलं ती सांगणार नाही.

"अन् ही पेपरातली. बाजंवर समद्यांम्होरं वाचून दावली कुणीतरी. सगळं मायमुळं, म्हणून."

मी तिथल्या स्टुलावर बसले. जवळ कुणी जगत नाही अशी जी बातमी मी न बघता छापून आणली होती, तीच तिच्या हाडात होती.

"ते चुकलं होतं, माय," मी म्हणाले. "पेपरातलं. मी नीट बघितलंच नव्हतं. परत लिहावं लागणार आहे."

"मंग लिव की," ती म्हणाली, आणि डॉक्टरांच्या टेबलाकडे वळली. त्यांचा कागद तसाच पडला होता. तिला वाचता येतं, हळूहळू, अक्षर लावून. तिनं तो वाचला आणि 'पडले' या शब्दावर बोट ठेवलं.

"डाक्टरसाब, हे खोडा," ती म्हणाली. "मालकानं मारलं, असं लिवा. चारी येळा."